सोसायटीत एकाच कंपनीचं इंटरनेट: समितीला दुसरीला अडवता येतं का?

प्रश्न: पुण्यात सिंहगड रस्त्यावर आमची तीन विंगांची, ९६ सदनिकांची सोसायटी आहे. २०२२ मध्ये समितीने एका इंटरनेट कंपनीशी पाच वर्षांचा करार केला. कंपनी त्यापोटी दरवर्षी सोसायटीला काही रक्कम देते. मी १०० एमबीपीएसचे पैसे भरतो, पण जुन्या लॅन वायरवर संध्याकाळी जेमतेम ८-१० मिळतात. मी घरून काम करतो, मुलगी बारावीला आहे. दुसरी कंपनी फायबर टाकायला तयार आहे, आमच्या विंगेतल्या १४ घरांनी नावंही दिली आहेत. समिती म्हणते, डक्ट (वायरी नेण्याची इमारतीतली पोकळी) भरलाय, नुकताच बाहेरून रंग दिलाय, आणि करार संपेपर्यंत दुसरं कोणी येणार नाही. शेजाऱ्यांनी समोरच्या इमारतीतून गच्चीवरून वायर आणली होती, ती कोणीतरी कापली. फ्लॅट पत्नीच्या नावावर आहे. मी काय करू?

उत्तर: तुमचं शेवटचं वाक्य आधी घेतो, कारण अशी प्रकरणं तिथेच अडतात. सभासद तुमच्या पत्नी आहेत, तुम्ही नाही. तुमच्या सहीने गेलेला अर्ज समिती ‘अर्जदार सभासद नाहीत’ एवढ्या एका ओळीत परत पाठवेल, आणि ते चूक नसेल. म्हणून प्रत्येक कागदावर त्यांची सही घ्या. सभेत तुम्हालाच बोलायचं असेल, तर त्यांच्या लेखी शिफारशीने सहयोगी सभासद व्हा. मग त्यांच्या लेखी पूर्वसंमतीने त्यांचे हक्क तुम्ही बजावू शकता.

आता मुख्य मुद्दा. वायर टाकण्यासाठी जागा मागण्याचा हक्क, ज्याला ‘राइट ऑफ वे’ म्हणतात, तो कायद्याने कंपनीला दिला आहे, ग्राहकाला नाही. दूरसंचार कायदा, २०२३ च्या कलम १२ नुसार खासगी मालमत्तेसाठी कंपनी त्या मालमत्तेचं व्यवस्थापन करणाऱ्याकडे अर्ज करते आणि मोबदला आपसांत ठरतो. कलम १३ म्हणतं की अशी परवानगी भेदभाव न करता आणि शक्य तोवर कोणा एकापुरती न ठेवता द्यावी. ही कलमं २६ जून २०२४ पासून लागू आहेत, त्यांखालचे नियम १ जानेवारी २०२५ पासून. एकाच कंपनीला इमारत बांधून देणारे करार बंद व्हावेत, अशी शिफारस ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, जानेवारी २०१७ मध्येच केली होती.

मात्र ‘शक्य तोवर’ या दोन शब्दांत पळवाट आहे, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. समिती नाहीच म्हणाली, तर सार्वजनिक हितासाठी गरजेचं आहे असं केंद्र सरकारने ठरवल्यावरच पुढची कारवाई होते. १४ घरांसाठी तो रस्ता फार लांबचा. तरीही नव्या कंपनीकडून तिच्या लेटरहेडवर अर्ज गेलाच पाहिजे. आतापर्यंत तिचा विक्री प्रतिनिधी सेक्रेटरींशी गेटवर तोंडी बोलला असेल, तर कायद्याच्या लेखी अजून कोणी काही मागितलेलंच नाही.

डक्टचं कारण त्याच अर्जातून निकालात काढता येईल. लॅनची वायर प्रत्येक घराला वेगळी लागते, म्हणून तुमचा डक्ट भरला. फायबरचा एकच धागा स्प्लिटर (एका धाग्याच्या अनेक शाखा करणारा डबा) लावून ३२ घरांना पुरतो, आणि मजल्यावरच्या डब्यातून घरात येणारी तार पेन्सिलीहून बारीक असते. कंपनीला लिहून द्यायला सांगा: वायर आतल्या डक्टमधूनच जाईल, बाहेरच्या भिंतीला एकही भोक पडणार नाही, नुकसान झालंच तर भरपाई कंपनी देईल, त्यासाठी अनामत ठेवेल. रंगाची काळजी खोटी नसते. वर्गणी काढून रंग दिलेल्या माणसांना ती वाटणारच, तिला कागदावर उत्तर द्या.

दुसरा अर्ज पत्नीचा, आणि माझ्या मते खरी ताकद यातच आहे. तो असा लिहा: ‘इंटरनेट कंपनीशी झालेल्या कराराची प्रत, तो मंजूर करणारा समितीचा व सर्वसाधारण सभेचा ठराव, आणि कंपनीकडून आजवर आलेल्या रकमांच्या नोंदी पाहायला मिळाव्यात व प्रती द्याव्यात. प्रतींचं शुल्क भरण्यास मी तयार आहे.’ माहिती अधिकाराचा अर्ज करत बसू नका, खासगी गृहनिर्माण सोसायटीला तो सहसा लागू होत नाही. सभासदाला इतिवृत्तं पाहण्याचा हक्क सहकार कायदाच देतो.

करार हातात आला की दोनच गोष्टी शोधा: इतरांना मनाई करणारं कलम आणि मुदतीआधी करार संपवण्याचं कलम. असे कागद मी पुष्कळ वाचले आहेत. बरेचदा त्यात मनाई नसतेच, फक्त परवानगी आणि रक्कम असते. ‘दुसरं कोणी नाही’ ही तोंडी समजूत पुढे नियम म्हणून सांगितली जाते. मनाई खरंच असेल, तर नोटीस देऊन बाहेर पडता येतं का, हे पाहूनच पाऊल उचला. नाहीतर जुनी कंपनी सोसायटीकडे भरपाई मागेल आणि तो भार तुम्हा ९६ घरांवर येईल. रक्कम सोसायटीच्या खात्यात पावतीने आली आहे का, हेही बघा. बाहेरच्याकडून आलेल्या या पैशाला मोबाइल टॉवरच्या भाड्यासारखाच आयकर लागतो, त्यामुळे हिशेबात तो दिसायलाच हवा.

सोसायटीत अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेचा, समितीचा नव्हे. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायला हवी. ‘समान अटींवर कोणत्याही परवानाधारक कंपनीला परवानगी द्यावी’ हा विषय नोटिशीत छापून घ्या, आयत्या वेळच्या विषयांत ढकलू देऊ नका. तोवर थांबायचं नसेल, तर एक पंचमांश सभासदांच्या लेखी मागणीवर महिन्याभरात विशेष सभा बोलवावी लागते. तुमच्यासाठी तो आकडा २० सह्यांचा. १४ आहेत, उरलेल्या सहा इतर विंगांतून मिळवा. घरून काम करणारे तिकडेही असतीलच.

एवढं करूनही दार बंदच राहिलं, तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार करा. पण कराराच्या वैधतेचा निवाडा ते करणार नाहीत. त्यासाठी सहकार कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जावं लागेल, तिथे अंतरिम आदेशही मागता येतो.

संथ वेगाची तक्रार वेगळी चालवा. सध्याच्या कंपनीकडे तक्रार नोंदवून क्रमांक घ्या, मग तिच्याच अपील प्राधिकरणाकडे जा. रोज रात्री नऊच्या सुमारास वायर थेट लॅपटॉपला लावून वेग मोजा आणि स्क्रीनशॉट ठेवा. वायफायवरचा आकडा कंपनी मानत नाही. ग्राहक आयोगाची वाटही खुली आहे, सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ते स्पष्ट केलं आहे.

आणि गच्चीवरून वायर मात्र आणू नका. गच्ची सामाईक आहे. विनापरवानगी वायर टाकलीत की नियम मोडणारे तुम्ही ठरता, आणि सभेत चर्चा कराराची न होता तुमच्या वायरची होते. शेजाऱ्यांची वायर कापणाऱ्याने चूकच केली, ते त्यांनी लेखी तक्रारीत जरूर मांडावं. तुम्ही आधी पत्नीच्या सहीचा अर्ज दोन प्रतींत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारखेसह पोच घ्या. पोच नाकारली, तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा.