त्रिकोणाचे नाव कशावरून ठरते?

प्रश्न : माझ्या मुलीने ५, ६ आणि ८ सेंटिमीटर बाजूंचा त्रिकोण काढला. डोळ्यांना तो काटकोन त्रिकोणच दिसतो, पण उत्तरात तो विशालकोन असल्याचे दिले आहे. कोनमापक न लावता हे कसे ओळखावे? तसेच, समभुज त्रिकोणाला समद्विभुज म्हणणे चूक आहे का?

उत्तर : तुमच्या मुलीची फसगत होणे अगदी साहजिक आहे, कारण या त्रिकोणातला सर्वांत मोठा कोन सुमारे ९२.९ अंशांचा आहे आणि तीन अंशांचा हा फरक नुसत्या डोळ्यांना जाणवत नाही. ८ सेंटिमीटरची बाजू सुमारे ७.८१ सेंटिमीटर असती, तर तिच्यासमोर काटकोनच झाला असता.

अशा वेळी आकृतीवर नव्हे, बाजूंच्या वर्गांवर विश्वास ठेवावा. ५ चा वर्ग २५ आणि ६ चा ३६, त्यांची बेरीज ६१. ८ चा वर्ग मात्र ६४, म्हणजे बेरजेहून मोठा, म्हणून त्रिकोण विशालकोन. दोन्ही समान असते तर पायथागोरसच्या प्रमेयाच्या व्यत्यासानुसार, म्हणजे ते प्रमेय उलट दिशेने वाचले तर, तो काटकोन त्रिकोण ठरला असता, आणि सर्वांत मोठ्या बाजूचा वर्ग बेरजेहून लहान असता तर लघुकोन. यामागचे कारण कर्कटक हातात घेतले की लगेच कळते : पायांची लांबी तीच राहते, पण पाय जसजसे फाकवावेत तसतसे टोकांमधले अंतर वाढत जाते. काटकोनाला हे अंतर जेवढे असते त्याहून ते जास्त भरले, तर कोन काटकोनाहून मोठा झालेला असतो. सर्वांत मोठ्या बाजूसमोर सर्वांत मोठा कोन असतो, त्यामुळे तेवढा एकच कोन तपासणे पुरते. उरलेले दोन कोन प्रत्येक त्रिकोणात लघुकोनच असतात. म्हणूनच एखादा लघुकोन दिसला की ‘लघुकोन त्रिकोण’ लिहून मोकळे होणे ही मला सर्वांत घातक सवय वाटते. मात्र वर्ग करण्याआधी लहान दोन बाजूंची बेरीज तिसरीहून मोठी आहे ना, हे पाहावे. ३, ४ आणि ८ या लांबींना हा नियम लावला तर उत्तर ‘विशालकोन’ येते, पण तसा त्रिकोण मुळात काढताच येत नाही.

दुसऱ्या प्रश्नाबाबत जुनी आणि आजची व्याख्या वेगळी आहे. युक्लिडने इ. स. पूर्व ३०० च्या सुमारास समद्विभुज त्रिकोणाच्या दोनच बाजू समान मानल्या होत्या. आज सामान्यतः ‘किमान दोन बाजू समान’ अशी व्याख्या करतात आणि तिच्यानुसार समभुज त्रिकोण समद्विभुजही असतो. मला हीच व्याख्या योग्य वाटते, कारण समान बाजूंसमोरील कोन समान असतात हे समद्विभुज त्रिकोणाचे प्रमेय दोनदा वापरले की समभुज त्रिकोणाचे तिन्ही कोन समान, म्हणजे प्रत्येकी ६० अंशांचे असल्याचे सिद्ध होते.

समभुज त्रिकोण म्हणूनच नेहमी लघुकोन असतो. समद्विभुज आणि विषमभुज त्रिकोणांवर असे बंधन नाही : १०, १०, १४ बाजूंचा त्रिकोण लघुकोन आहे, तर १०, १०, १५ बाजूंचा विशालकोन. या दोहोंच्या मधला काटकोन त्रिकोण पूर्णांकांत मिळत नाही, कारण त्याची तिसरी बाजू १०√२, म्हणजे १४.१४२… अशी न संपणारी येते.