काढा इतका वेळ का उकळायचा?

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

तू विचारले आहेस की, तुझी रूममेट सर्दी झाली की कपात हर्बल चहाची पिशवी टाकते, वर गरम पाणी ओतते आणि दोन मिनिटांत पिऊन मोकळी होते; मग आपल्याकडे काढा इतका वेळ उकळत का ठेवतात, आणि त्याने सर्दी खरोखर बरी होते का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर छोटे आहे, म्हणून ते आधी देतो. सर्दी आणणारे विषाणू दोनशेहून अधिक प्रकारचे आहेत आणि काढा त्यांना मारतो असे मी तुला सांगणार नाही. साधी सर्दी आठवडा-दहा दिवसांत आपली आपण जाते. मात्र त्या दिवसांत घशाला शेक मिळणे, गरम वाफेने नाक जरा मोकळे होणे, पोटात पुरेसे पाणी जाणे आणि रात्री झोप लागणे, या गोष्टी आजारी माणसाला फार मोलाच्या वाटतात, आणि तेवढ्यासाठी काढा करावा असे माझे ठाम मत आहे.

आता उकळण्याविषयी. आयुर्वेदात वनस्पतींपासून औषध करण्याच्या पाच मूळ पद्धती सांगितल्या आहेत. ताजा रस पिळून काढला तर तो स्वरस, वाटून गोळा केला तर कल्क, पाण्यात उकळून आटवला तर क्वाथ, थंड पाण्यात रात्रभर भिजवून गाळला तर हिम, आणि गरम पाण्यात थोडा वेळ ठेवून गाळला तर फांट. तुझी रूममेट करते तो फांट आणि आपला काढा म्हणजे क्वाथ. शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात तर एक भाग औषधाला सोळा भाग पाणी घेऊन, आठवा हिस्सा उरेपर्यंत मंद आचेवर आटवायला सांगितले आहे. घरात इतके कोणी आटवत नाही; चार कपांचे दोन कप झाले की आपण गॅस बंद करतो.

खरी मेख अशी आहे की, आपल्या काढ्यातल्या सगळ्याच वस्तू उकळण्याजोग्या नसतात. सुंठ, दालचिनी, ज्येष्ठमध हे वाळलेले कठीण तुकडे आहेत. पाणी त्यांच्या आत शिरून अर्क उतरायला वेळ लागतो, आणि तिथे दोन मिनिटांनी काही साधत नाही. तुळस आणि गवती चहा यांचे उलट आहे. त्यांचा गुण त्यांच्या सुगंधी तेलात असतो आणि ते तेल वाफेबरोबर उडून जाते. घरभर तुळशीचा घमघमाट सुटला की आपल्याला बरे वाटते खरे, पण जेवढा वास घरात पसरला तेवढा पातेल्यातून गेला. म्हणून कठीण वस्तू आधी उकळायच्या आणि पाने शेवटी, गॅस बंद करून, झाकणाखाली. पातेले एकच, पण त्यात क्वाथही होतो आणि फांटही. हे एवढे सांभाळलेस तर प्रमाण थोडे इकडेतिकडे झाले तरी बिघडत नाही.

प्रमाणासाठी एक आधार हवा असेल तर आयुष मंत्रालयाने 2020 मध्ये जो काढा सुचवला होता तो लक्षात ठेव: तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन आणि मिरी एक भाग. आपल्या घरी मी चार कप पाण्यात सुंठेचा बोटाच्या पेराएवढा तुकडा ठेचून घालतो, दालचिनीचा छोटा तुकडा, चार-पाच मिरी दाणे आणि दोन लवंगा भरड कुटून घालतो, आणि मंद आचेवर पाणी निम्मे होऊ देतो. सुंठ नसेल तर आले किसून घाल. पण आले वाळताना त्यातले तिखट द्रव्य बदलते आणि अधिक जहाल होते, त्यामुळे सुंठ आल्यापेक्षा कमी पुरते. मग गॅस बंद करून तुळशीची आठ-दहा पाने आणि गवती चहाच्या दोन-तीन पाती घालून दहा मिनिटे झाकून ठेवायचे. आजी त्या पातींची गाठ मारून टाकायची, म्हणजे नंतर चमच्याने सहज उचलता येतात. गाठ मारताना बोट जप, पातीची कड चांगलीच कापते. गाळून झाल्यावर गूळ घाल. मध घालायचा असेल तर काढा कोमट झाल्यावरच, कारण मध तापवू नये असे आयुर्वेद सांगतो.

खरेदी करताना तिथे परदेशात थोडी फसगत होईल. पास्त्यात घालतात ते बेसिल म्हणजे आपली तुळस नव्हे; भारतीय किराणा दुकानात वाळलेली तुळस मिळते, ती घे. गवती चहा आशियाई दुकानात लेमनग्रास म्हणून मिळतो, पण तिथे बहुधा बुंधेच असतात; ते ठेचून वापर. दालचिनी पातळ पापुद्र्यांची, सिलोनची घे. जाड सालीच्या कॅसिया दालचिनीत कुमारिन नावाचे द्रव्य पुष्कळ असते आणि ते रोज भरपूर पोटात गेले तर यकृताला बाधते.

ज्येष्ठमधाने घसा छान मऊ पडतो, पण रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी तो टाळावा. रूममेटला देण्यापूर्वी तिला एवढे विचार. आजीच्या काढ्यात खोकल्यासाठी कुंपणावरच्या अडुळशाची पानेही असत. औषधाच्या दुकानातले कफ पातळ करणारे ब्रोमहेक्सिन हे अडुळशातल्याच एका द्रव्यावरून तयार झाले, हे तुला रसायनशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून आवडेल. पण तुझ्या काढ्यात अडुळसा नको; त्याचे प्रमाण जाणकारानेच ठरवावे.

दिवसातून एक-दोनदा अर्धा-अर्धा कप पुरे. पोटात जळजळ झाली तर मिरी आणि लवंग कमी कर. ताप उतरत नसेल, धाप लागत असेल किंवा दहा दिवसांनंतरही सर्दी तशीच असेल, तर पातेले बाजूला ठेवून विद्यापीठाच्या डॉक्टरांकडे जा आणि त्यांनी दिलेल्या औषधांबरोबर काढा घेतला तर चालेल का, हेही त्यांनाच विचार.

तुझे,
बाबा