‘एफर्टलेस’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न : आमच्या सोसायटीतल्या एक शिक्षिका रिटायर होतायत आणि मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलंय. बाई इतकं छान बोलतात, कुठे अडखळणं नाही की शब्द शोधणं नाही. पण लिहायला बसले की ‘एफर्टलेस’ हाच शब्द डोक्यात येतो, ‘सहज’ फारच साधा वाटतो. काय लिहू?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : ताई, ‘सहज’ला साधा म्हणून बाजूला टाकू नका हो, सह म्हणजे सोबत आणि ज म्हणजे जन्मलेलं, जन्मासोबतच आलेलं ते सहज, केवढा मोठा अर्थ आहे! अडचण एवढीच की ‘सहज आले होते इकडे’ असं आपण रोज म्हणतो, त्यामुळे ‘बाई सहज बोलतात’ लिहिलंत तर जिन्यात उभ्या राहून गप्पा मारतात असं वाटेल. ‘सहजसुंदर’ लिहा, लगेच वजन येतं.

‘ओघवती’ तर अगदी फिट, ओघ म्हणजे प्रवाह. ‘उत्स्फूर्त’ मात्र जपून, ते आयत्या वेळी सुचलेलं. ‘लीलया’ शिवधनुष्य उचलायला ठीक, बोलण्याला नको.

मला स्वतःला ‘प्रासादिक’ फार आवडतो. बरेच जण त्याचा संबंध प्रासाद म्हणजे राजवाड्याशी लावतात आणि जड, भारदस्त भाषेला प्रासादिक म्हणून मोकळे होतात, ते चूक आहे. शब्द आलाय ‘प्रसाद’वरून. संस्कृत काव्यशास्त्रात माधुर्य, ओज आणि प्रसाद असे तीन गुण सांगितलेत, त्यातला प्रसाद समजावताना मम्मट या जुन्या काव्यशास्त्रकाराने सुक्या लाकडात पसरणारी आग आणि स्वच्छ पाणी असे दाखले दिलेत, म्हणजे ऐकल्याबरोबर मनभर पसरतं ते. ऐकणाऱ्याला कष्ट पडत नाहीत, हे त्यातलं मुख्य. वर्गात शिकवणाऱ्या बाईंसाठी याहून नेमका शब्द मला तरी माहीत नाही.

अजून एक, ‘बेमालूम’. दादरला एका रफूवाल्याकडे मी माझी पैठणी नेली होती, निऱ्यांजवळ जळून भोक पडलेलं, त्याने साडीच्याच आतल्या टोकाचे धागे उपसले आणि सुईने एकेक उभा-आडवा विणत बसला, नंतर सुलट बाजूने कितीही बघितलं तरी जागा सापडेना, साडी उलटी केली तेव्हा कुठे धाग्यांची बारीक टोकं दिसली. हे बेमालूम. म्हणजे मेहनत आहे, फक्त मालूम पडत नाही. ‘सहज’मध्ये ही मेहनत धरलेलीच नसते आणि इतकी वर्षं तयारी करून वर्गात जाणाऱ्या बाईंना नुसतं ‘सहज’ म्हणणं मला थोडं अन्यायाचं वाटतं. पण ‘बेमालूम’ मानपत्रात घालू नका, ‘बेमालूम थापा’ सगळ्यांच्या कानात बसलंय.

मी असं लिहीन : ‘बाईंची वाणी ओघवती आणि प्रासादिक आहे, त्यामागची मेहनत त्यांनी आम्हाला कधी जाणवू दिली नाही.’ आणि हो, ‘वाणी’च ठेवा, ‘भाषाशैली’ म्हटलं की लिहिण्याबद्दल चाललंय असं वाटतं.