नवा विमानतळ जाहीर झालाय. शेजारच्या गावात आत्ताच जमीन घ्यावी का?

जाहीर झालेल्या विमानतळाच्या हद्दीला लागून वीस गुंठे शेतजमीन ४० लाखांना मिळतेय, घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. भूसंपादनाच्या अधिसूचनेत विमानतळात जाणाऱ्या जमिनींचे गट नंबर छापून येऊन हद्द नक्की होईपर्यंत घेऊ नका. कर्ज काढून तर मुळीच नको.

प्रकल्प होईल की नाही, एवढीच शंका लोक धरतात. पण खरी पंचाईत जागेची आणि वेळेची असते. पुण्याच्या नव्या विमानतळाचंच बघा. आधी चाकण-राजगुरुनगरची चर्चा होती. २०१६ मध्ये पुरंदर ठरलं, मग तिथली सात गावं सोडून शेजारच्या गावांकडे सरकायचा प्रस्ताव आला. २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने त्या पर्यायी जागेची परवानगी काढून घेतली आणि विषय परत मूळ सात गावांवर आला. दर वेळी ‘हद्दीला लागून’ असलेली जमीन वेगळीच ठरली. आणि अधिसूचना म्हणजे काही हमी नव्हे. नाणारच्या रिफायनरीसाठी २०१७ ला अधिसूचना निघाली, २०१९ ला रद्द झाली.

वेळेचं म्हणाल तर नवी मुंबई विमानतळाला केंद्राची तत्त्वतः मंजुरी २००७ ची, उद्घाटन २०२५ चं.

आता तुमच्या ४० लाखांचा हिशोब मांडू. ९ टक्क्यांनी आठ वर्षांत त्याचे साधारण ८० लाख होतात, म्हणजे तेवढे आले तरच बरोबरी. समजा विमानतळ होण्याची शक्यता निम्मी आहे, आणि नाही झाला तर आठ वर्षांनी निव्वळ शेतजमीन म्हणून ३० लाख येतील. मग विमानतळ झाल्यास तीच जमीन १ कोटी ३० लाखांना विकली जायला हवी, म्हणजे सव्वातीन पट. शक्यता आणि वर्षं बदलून हा हिशोब स्वतः करा. एजंटचा ‘दुप्पट होईल’ हा शब्द खरा ठरला तरी तुम्ही तोट्यात राहू शकता.

विसार देण्याआधी कागद बघा. सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ रकाना आणि अलीकडचे फेरफार तपासा. संपादनाचा शेरा असेल तर तिथे दिसतो. नगररचना कार्यालयातून त्या गटाचा झोन दाखला काढा. इथेच बरेच जण फसतात: हद्दीबाहेरची जमीन शेती किंवा ना-विकास विभागात असेल, किंवा तिच्यावरून रस्त्याचं आरक्षण जात असेल, तर विमानतळ होऊनही तिथे हवं तसं गोदाम किंवा हॉटेल बांधता येत नाही. शिवाय विमानतळाजवळ इमारतीच्या उंचीवर मर्यादा येते. गावातल्या गेल्या तीन वर्षांच्या व्यवहारांच्या सूची क्रमांक २ (इंडेक्स २, म्हणजे नोंदणीकृत दस्ताचा गोषवारा) ऑनलाइन काढून खरे भाव पाहा. तुम्ही स्वतः शेतकरी नसाल तर कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ही खरेदी होतच नाही.

एका गोष्टीवर मात्र अडून बसा. विकणारा ‘दस्तात २० लाख दाखवू, बाकीचे रोख द्या’ म्हणाला तर सरळ नाही म्हणा. पुढेमागे हीच जमीन संपादनात गेली, तर २०१३ च्या कायद्यानुसार मोबदला काढताना रेडी रेकनर (सरकारने ठरवलेले जमिनीचे दर) आणि परिसरातल्या नोंदणीकृत विक्रीदस्तांमधल्या किमती बघतात. त्यातल्या चढ्या निम्म्या दस्तांची सरासरी काढतात. ग्रामीण भागात तिला ठरावीक गुणांकाने गुणतात आणि वर शंभर टक्के दिलासा रक्कम, म्हणजे तेवढेच आणखी पैसे, मिळतात. रोख दिलेले २० लाख या हिशोबात कुठेच येत नाहीत. उलट, प्राथमिक अधिसूचनेनंतर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय त्या जमिनीचा व्यवहारही करता येत नाही, म्हणजे विकून मोकळं होण्याची वाटही बंद.