मन ठीक झाल्यावरच गाणं करू का?

"मॅडम, मन थाऱ्यावर नसलं की हातून काही चांगलं होत नाही. ठीक होईपर्यंत काम बंद ठेवू का?"

गोव्यात फोंड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे, की समोरच्यानं "मन" म्हणताच पुढचं कळतं. कधी हार्मोनियम वाजवणारा असतो, कधी लग्नात गाणारी मुलगी, कधी घराच्या एका खोलीत स्टुडिओ थाटलेला तरुण. हा तालुकाच तसा. मास्टर दीनानाथ मंगेशीचे, अभिषेकीबुवाही तिथलेच. केरीच्या केसरबाईंची भैरवी तर 1977 साली व्हॉयेजर यानांतून अंतराळात गेली. त्या मातीतल्या पोराला नुसतं "बरं झालंय" म्हटलेलं पुरत नाही. यावर मी तोंडी बरंच सांगितलं आहे. आज एका तरुणाची हकिकत लिहिते, त्याच्या परवानगीनं आणि ओळखीच्या खुणा बदलून.

वय एकतीस. चवथीसाठी, म्हणजे गणेश चतुर्थीसाठी, घरची घुमट आरती रेकॉर्ड करायला घेतली होती. घुमटावर, म्हणजे मातीच्या घड्याच्या चर्मवाद्यावर, वडील, शामेळ या ढोलावर काका, कासाळं म्हणजे मोठी झांज चुलतभावाच्या हातात. रेकॉर्डिंग एका संध्याकाळी वसरीवर उरकलं. मिक्सिंग, म्हणजे सगळ्या आवाजांचा मेळ बसवणं, मात्र चार महिने चाललं होतं. माझ्याकडे आला तेव्हा सत्ताविसावी आवृत्ती सुरू होती. झोप उडालेली, बायकोशी बोलणं तुटक, आणि तोंडात एकच: "माझं डोकंच बिघडलंय, त्यामुळे गाणं बिघडतंय."

लहानपणी कोण गुरुजी ओरडले होते, हे मी फारसं खोदत बसत नाही. अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीत मी घडले. माणूस आज, आत्ता, स्वतःशी काय बोलतो याला त्यात महत्त्व. म्हणून मी त्याला एक वही करायला सांगितली. मिक्स करताना हात कुठल्याही फेडरकडे, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या पट्टीकडे, गेला, की त्याआधी मनात आलेलं वाक्य वेळेसकट लिहायचं. गाणं कसं झालंय ते नको, फक्त वाक्य.

पहिल्या आठवड्यात वही कोरी आली. दुसऱ्या आठवड्यात "वेळच मिळाला नाही." मी हट्ट सोडला नाही. तिसऱ्या भेटीत त्यानं वही पुढे सरकवली.

"रात्री 11.40. घुमट जाड केलं. हे घरगुती वाटतंय."

"12.25. कासाळं वर घेतलं. पणजीची पोरं हसतील."

"1.10. बाबांचा ठोका सरकवला. एकही चूक राहताच कामा नये."

मी विचारलं, "यातली गाण्याबद्दलची वाक्यं किती?"

त्यानं बोट ठेवून मोजली. तेवीस नोंदींत दोन.

"आणि बाकीची?"

"लोकांबद्दल." मग थोडं थांबून, "माझ्याबद्दल."

मी पेन्सिल दिली आणि प्रत्येक वाक्यातल्या 'च'खाली रेघ मारायला सांगितली. व्हायलाच हवं, आवडायलाच हवं, राहताच कामा नये. आपल्या भाषेनं ही फार मोठी सोय करून ठेवली आहे. इंग्रजी पुस्तकांत पानभर समजावलेली गोष्ट मराठी माणसाला एका अक्षरात दाखवता येते. 'आवडलं तर बरं' ही इच्छा झाली. 'आवडायलाच हवं' म्हटलं की हुकूम होतो, आणि हुकूम पाळणारा हात थरथरतोच. त्या पानावर रेघा मारता मारता तो गप्प झाला.

पण खरी गाठ सुटली ती पुढच्या भेटीत. त्याला मी तिसरी आणि सत्ताविसावी अशा दोन्ही आवृत्त्या आणायला सांगितल्या होत्या. दोन्हींचा आवाज त्यानं सारखा करून घेतला. जे जरा मोठ्यानं वाजतं ते कानाला चांगलंच वाटतं, म्हणून तुलना समान आवाजातच करायची, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. आधी सत्ताविसावी लावली. स्वच्छ, घट्ट, प्रत्येक ठोका जागच्या जागी. मग तिसरी. सुरुवातीला कोणीतरी खाकरलं. कडव्यामागून कडवं लय वाढत गेली, काकांच्या तोंडून मध्येच "हां!" निघालं. वडिलांचा डावा तळवा घुमटाच्या उघड्या तोंडावर दाबला जात होता, सुटत होता आणि तो फुगत जाणारा खर्ज माझ्या टेबलाला जाणवत होता.

तो पुढे वाकून ऐकत होता. संपल्यावर त्यानं सत्ताविसावी परत लावली, अर्ध्यातच बंद केली.

"मॅडम, ही चढतच नाही."

"म्हणजे?"

"आरती चढत जाते. शेवटाला सगळे घामाघूम होतात. मी सगळ्यांना क्लिकवर, यंत्राच्या टिकटिकीवर, बांधलं. एकच स्पीड, पहिल्यापासून शेवटपर्यंत." आणि मग, माझ्याकडे न बघता, घरच्या कोंकणीत: "हातूंत बाबा खंय आसा?"

यात बाबा कुठे आहेत? मी काही बोलले नाही. पंखा फिरत होता. अशा वेळी समुपदेशकानं तोंड मिटून बसायचं असतं, आणि हे शिकायला मला बरीच वर्षं लागली.

थोड्या वेळानं मी विचारलं, "तिसरी आवृत्ती केलीस त्या दिवशी मन कसं होतं?"

"वाईट. त्याच दिवशी लग्नाचं एक मोठं काम हातचं गेलं होतं."

त्याचं उत्तर त्यालाच ऐकू आलं. मन वाईट होतं आणि आरती जिवंत झाली होती. मीही त्या दिवशी काही शिकले. भीतीनं काम ओबडधोबड होतं असं मी तोवर धरून चालले होते. भीती काम गुळगुळीतही करते, आणि ते जास्त फसवं, कारण त्याला आपण मेहनत म्हणतो.

म्हणून विचारणाऱ्यांना सांगते: मन ठीक होण्याची वाट बघू नका. उदास असाल तर उदासपणे गा, वाजवा, रेकॉर्ड करा. उदासी सुरात उतरली तर काही बिघडत नाही. फक्त त्या मनःस्थितीत निवाडा करू नका. करणं आणि पारखणं वेगवेगळ्या वेळी ठेवा.

आणि सगळा दोष मनावर टाकू नका, थोडा कानाचाही असतो. मूल झोपलंय म्हणून हा रात्री हळू आवाजात ऐकायचा. कमी आवाजात आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी हे 1933 मध्ये मोजून दाखवलं. त्यामुळे घुमट पातळ वाटायचं आणि हा ते फुगवत न्यायचा. मग हेडफोन चढवून मोठ्यानं दोन-तीन तास. दमलेल्या कानाला वरचे, झणझणीत स्वर बोथट लागतात, म्हणून कासाळं वर. सकाळी तेच कासाळं सुईसारखं टोचायचं आणि निष्कर्ष निघायचा: "मी बिघडलोय." अरे, कान दमले होते! कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी सुचवलेली मर्यादा 85 डेसिबलला आठ तास अशी आहे. पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे 91 ला दोनच तास. हेडफोनवाल्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं. तासाभरानं उठा, अंगणात जा, कानांना पावसाचा आवाज ऐकू द्या.

घरच्यांनाही एक विनंती. "कलाकार माणूस, मूडवर चालतं त्याचं" असं कौतुकानं म्हणू नका. पंधरा दिवस झोप नसेल, जेवण जात नसेल, जगण्यातच रस उरला नसेल, तर तो मूड नव्हे, आजार असू शकतो, डॉक्टरकडे न्या.

चवथीला त्यानं तिसरीच आवृत्ती थोडी साफ करून नातेवाइकांना पाठवली. खाकरणं काढलं, "हां!" ठेवलं. वही अजून चालू आहे. परवा दाखवायला आणली होती. "लोक काय म्हणतील" तिच्यात अजून आहेच, रात्री 12.50 ची नोंद. त्याच्यापुढे त्यानं लिहिलं होतं: सकाळी बघू.