मित्राच्या पेनड्राइव्हवरून गाणी कॉपी करणं गुन्हा आहे का? की पैसे देऊनच डाउनलोड करायची?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "सगळेच करतात, पकडतंय कोण?" मला पकडलंय. म्हणून लिहायला बसलो, नाहीतर मी इथे नुसता वाचणाऱ्यातला.

२००८ ते २०११ सोलापूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर माझं मोबाईलचं दुकान होतं. रिचार्ज, कव्हर, चार्जर हे सगळं नावाला, खरा धंदा कार्ड भरून द्यायचा. २ जीबीचं कार्ड फुल्ल करायचे ३० रुपये, ४ जीबीचे ५०. गिऱ्हाईक कार्ड काढून काउंटरवर ठेवायचं, काय टाकू विचारलं की म्हणायचं "टाका की तुमच्या मनानं". फोल्डर करून ठेवलेले, डीजे, लावणी, भक्ती, जुनी हिंदी, दर्दभरे, आणि एक 'नानाची'. प्रत्येक गाण्याच्या नावापुढं मी माझ्या दुकानाचं नाव चिकटवायचो, जाहिरात म्हणून, तेव्हा सगळेच करायचे.

गाणी आणायचो कुठून? निम्म्याहून जास्त आमच्या दाजींच्या हार्डडिस्कवरनं. दाजी पुण्यात नोकरीला, कंपनीतलं नेट फास्ट, रात्रपाळीला डाउनलोड लावून ठेवायचे आणि गावी आले की २५० जीबीची डिस्क बॅगेतनं काढून माझ्यासमोर ठेवायचे. पैसा एक घेतला नाही कधी. हे त्यांचं आजपण ब्रह्मास्त्र आहे, पुढं येतंच.

२०११ च्या श्रावणात एक माणूस आला, कार्ड भरून घेतलं, पावती मागितली. कार्ड भरल्याची पावती मागणारा तो पहिलाच, तिथंच मला समजायला हवं होतं. अर्ध्या तासात फौजदार, दोन हवालदार आणि तोच माणूस परत. तो एका म्युझिक कंपनीचा निघाला. मी वॉरंट विचारलं तर फौजदार नुसतेच हसले. (नंतर वकिलानं सांगितलं की कॉपीराइट कायद्याच्या कलम ६४ खाली फौजदार आणि त्यावरच्या अधिकाऱ्याला वॉरंटशिवाय माल जप्त करता येतो.) पंच म्हणून शेजारचा रसवंतीवाला. पंचनाम्यात लिहिलेलं अजून पाठ आहे, "काळ्या रंगाचा सीपीयू, दर्शनी बाजूस देवीचे स्टिकर, जुना वापरता". ड्रॉवरमधनं गाणी भरायच्या लायसन्सचं पत्रकपण निघालं, महिनाभर आधी कंपनीचा कोणीतरी देऊन गेलेला आणि मी त्यावर वडापाव ठेवून खाल्लेला. तेलाच्या डागासकट तेही मुद्देमालात.

तक्रारीला ६१ गाण्यांची यादी जोडलेली. ३८ नंबरला नानाचं गाणं.

नाना म्हणजे आमच्याच गावचा, जागरण-गोंधळाची पार्टी होती त्याची, शब्द त्याचे, चाल त्याची, ढोलकी त्याची. १९९७ ला कॅसेट निघाली, त्याला मिळाले दीड हजार आणि येण्याजाण्याचं एसटी भाडं, आणि एका कागदावर सही घेतली ती घेतली. आता गंमत बघा, मला जामीन पाहिजे होता, भाऊबंद सगळे अचानक उसाच्या बिलाच्या मागे लागलेले, आणि सातबारा घेऊन कोर्टात आला कोण, तर नाना. ज्या गाण्याच्या चोरीत मी आरोपी, त्याचा बाप माझा जामीनदार. कोर्टाच्या व्हरांड्यात मी खाली मान घालून उभा, तर मलाच म्हणतो, "कार्डात गाणं गेलं म्हणून तर माळशिरसपासनं सुपाऱ्या यायला लागल्या, लाजतो कशाला?"

केस ८ वर्षं चालली. पावती मागणारा साक्षीदार कंपनी सोडून गेला, साक्षीला आलाच नाही, २०१९ ला सुटलो. सीपीयू सुपूर्दनाम्यावर, म्हणजे कोर्टाला हमी लिहून देऊन, आधीच परत मिळालेला, पण आत हार्डडिस्क नाही. तिच्यावर ताईच्या लग्नाचे फोटो होते, हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळे. म्हणजे दाजींचंपण लग्न. तेव्हापासून घरात कुठलंही कार्य असो, चार पाहुणे बसले की दाजी सुरू, "आमच्या लग्नाचे फोटो पोलीस स्टेशनला जमा आहेत, मेहुण्याची कृपा".

आणि वर हे, की "मी कधी विकलं नाही, तू विकलंस".

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. विकणं आणि स्वतःपुरतं घेणं यात कायदा फरक करतो, हे खरंय. कलम ६३ ला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड, धंद्यासाठी नसेल तर कोर्ट त्याहून कमी करू शकतं. कलम ५२ मध्ये खाजगी वापराला सूट आहे, पण रास्त वापर असेल तर. स्वतः विकत घेतलेली सीडी फोनमध्ये उतरवली तर कोणी शहाणा माणूस त्याला चोरी म्हणणार नाही. मित्राच्या पेनड्राइव्हवरच्या दोन हजार गाण्यांना रास्त म्हणायला मात्र लय मोठा वकील लागेल. आणि दाजी, तुम्ही वाचताय हे माहितीये, ही सूट आधी शब्द, संगीत असल्या गोष्टींना होती, रेकॉर्डिंगला नव्हती, ती २०१२ च्या दुरुस्तीनं आली. तुमची डिस्क २०११ च्या आधीची. आणि मला आणून देणं हा खाजगी वापर कसा होतो तेपण सांगा एकदा पाहुण्यांसमोर.

जुनी गाणी फुकट असतात हेपण अर्धवट. रेकॉर्डिंगचा हक्क निघाल्यापासून ६० वर्षं, पण शब्द आणि चाल माणूस गेल्यानंतर ६० वर्षं. गीतरामायण १९५५-५६ ला आकाशवाणी पुण्यावरून लागलं, पण गदिमा १९७७ ला गेले म्हणजे शब्द २०३७ अखेरपर्यंत, आणि बाबूजी २००२ ला, म्हणजे चाली २०६२ पर्यंत.

पैसे द्यायचे का, तर द्या, नसतील द्यायचे तर अ‍ॅपवर जाहिरातींसकट ऐका, तेपण कायदेशीरच. फक्त अ‍ॅपमधल्या 'डाउनलोड'ला आपलं समजू नका, महिन्याचं भाडं थांबलं की ते गेलं, आणि त्याचं कुलूप तोडणं हा कलम ६५ए खाली वेगळाच गुन्हा. शक्य असेल तर फाईल विकत मिळते तिथून घ्या. आणि ते पैसे कलाकाराला पोचतात या भ्रमात राहू नका. जावेद अख्तर राज्यसभेत भांडले, २०१२ ला गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क कायद्यात आला, पण नानाची सही १९९७ ची, आणि गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून वाटणारी आयपीआरएस नावाची संस्था असते, तिचं सभासद व्हायचं असतं, हे त्याला कोणी सांगितलं नाही. मीपण नाही, मलाच माहीत नव्हतं. त्याला आता अर्धांग झालाय, उजवा हात उचलत नाही, सुपाऱ्या बंद. गाणं कंपनीच्या चॅनेलवर जोरात चालू आहे.

मी वकील नाही, केस लढून जेवढं कळलं तेवढं सांगितलं. आणि २०२२ ला सुप्रीम कोर्टानं कलम ६३ चा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवलाय, म्हणजे आता सातबारा घेऊन नाना आला तरी एवढं सोपं नाही.

गेल्या दिवाळीला दाजींच्या बोलेरोत बसून तुळजापूरला चाललो होतो. पेनड्राइव्ह लावलेला. नानाचं गाणं लागलं आणि टेपच्या पट्टीवर गाण्याच्या नावामागनं माझ्या दुकानाचं नाव सरकत सरकत गेलं, जुन्या फोन नंबरसकट. मी दाजींकडं बघितलं. ते म्हणाले, "जुनं गाणं आहे, कुठनं आलंय कुणास ठाऊक."