दुधाळ-मांसल संकरित वासरं कुरणावर वाढवताना

वासरू घेताना आधी चौकशी चिकाची करा. जन्मल्यावर २ तासांत साधारण ३ लिटर चीक पोटात गेला नसेल, तर हगवण आणि न्यूमोनिया पाठ सोडत नाहीत. बेंबी ओली किंवा सुजलेली दिसली तर घेऊच नका. दूध वय बघून तोडू नका. सलग ३ दिवस रोज किलोभर खुराक खाल्ला की तोडा.

खरी कमाई कुरणात आहे, आणि नवखे तिथेच चुकतात: गवत उंच होऊ देतात. तुरे आलेलं गवत भरपूर दिसतं, पण काडी पचत नाही, वाढ मंदावते. १० ते १२ सेंमीला जनावरं सोडा, ५ सेंमीच्या आसपास हलवा. लहान वासरं आधी चरवा, उरलेलं मोठी साफ करतील. रोज ७०० ते ८०० ग्रॅम वाढ हवी. नजरेचा अंदाज फसवतो, वजन कराच. वाढ अडली तर जंतांसाठी शेण तपासा. खोकला सुरू झाला तर फुफ्फुसातल्या जंतांचा संशय धरून लगेच डॉक्टर बोलवा. क्लोव्हर (तीन पानी द्विदल चारा) जास्त असेल तिथे उपाशी जनावरं सोडली की पोटफुगी ठरलेली.

अँगस (मांसल जात) आणि होल्स्टीन (दुधाळ जात) यांच्या संकरित कालवडी लवकर चरबी धरतात, त्यांना विक्रीआधी शेवटी खुराक फार नको. खच्ची गोऱ्ह्यांना तयार व्हायला आणखी काही महिने द्या.